नांदणं आणि राहणं

नवऱ्यापासून तुटलेल्या बाईसाठी आपल्या बोलीत जे शब्द आहेत ते एकदा ओळीनं मांडून बघा. टाकलेली. सोडलेली. परत आलेली. माहेरी येऊन बसलेली. शब्द आपलेच आहेत, कुणा भटानं येऊन आपल्या तोंडात कोंबलेले नाहीत. आपण टाकतो काय काय? उष्टं टाकतो, फाटकं टाकतो, केर टाकतो. आणि ‘बसलेली’ हा तर कहर आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यात माहेरी ‘बसलेली’ बाई पहाटे चारला उठते. भावाच्या घरचं पाणी भरते, भाकऱ्या थापते, पहिली गाडी पकडून कामाला जाते. लावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या खाचरात दिवसभर वाकलेली असते. ती बसते कधी हे मला अजून कळलेलं नाही. तरी तिची ओळख काय, तर बसलेली.

पुरुषाला यातला एकही शब्द लागत नाही. ‘टाकून आलाय’ म्हटलं तर तो दारू टाकून आलेला असतो.

‘नांदणं’ घ्या. लग्नात आपण दोघांनाही म्हणतो, सुखानं नांदा. मांडव उतरला की ते क्रियापद एकट्या बाईच्या गळ्यात पडतं. ती नांदते, तो नांदवतो. ती नांदत नाय, तो नांदवीत नाय. ‘पोरगा बायकोकडं नीट नांदत नाय’ असं केळवलीच्या नाहीतर डोलवलीच्या फलाटावर कुणी बोललं तर लोक हसून लोळतील. कोर्टाच्या आवारातही हीच भाषा चालते. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ नवरा-बायको दोघांनाही सारखंच लागू आहे, पण लोकांच्या तोंडी त्याचं नाव ‘नांदायला येण्याचा दावा’. असल्याच दाव्यात रखमाबाईला १८८४ पासून मुंबई हायकोर्टात ओढलं होतं. मार्च १८८७ मध्ये तिला सांगण्यात आलं, नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि ती लंडनला शिकून डॉक्टर झाली. सुतार समाजातली बाई. टिळकांनी तिच्याविरुद्ध लिहिलं. ते लिहिणारच होते, त्याचं आपल्याला नवल नाही. आपण आपल्या वाडीत काय करतो, त्याचा विचार करायला हा लेख आहे.

माझं म्हणणं एवढंच, की नांदणं संपलं म्हणून बाईचं राहणं संपत नाही. नांदणं दोघांच्या मर्जीवर चालतं आणि मर्जी मोडू शकते. राहणं कुणाच्या मर्जीवर नाही. या दोन गोष्टींची आपण गल्लत करून ठेवली आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की चळवळीतल्या घरांनी ती जरा जास्तच केली आहे.

आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे नऊ लाख बायकांनी स्वतःला घटस्फोटित म्हणून सांगितलं आणि सुमारे तेवीस लाखांनी विभक्त. पुरुषांचे आकडे दोन्हीकडं साधारण निम्मे. आता प्रत्येक काडीमोडीत एक बाई असते आणि एक पुरुष असतो. मग उरलेले पुरुष गेले कुठं? मेले नाहीत, हरवले नाहीत. पुष्कळांनी दुसरी बायको केली आणि ते जनगणनेच्या कागदावर परत ‘विवाहित’ झाले. काहींनी मोडलेलं सांगितलंच नसेल, कारण त्यांना ते कुणी विचारतच नाही. एकाच घटनेतून दोन माणसं बाहेर पडतात. एक वर्षभरात आपल्या जागी परत. दुसरी जन्मभर त्या घटनेच्याच नावानं ओळखली जाते.

इथं आपले काही मित्र लगेच उसळून म्हणतात, हे सगळं पांढरपेशांचं दुखणं आहे, आपल्यात असं नव्हतंच. आपल्यात काडीमोड होती, पाट होता, मोहतूर होता. बामणाच्या विधवेचं केशवपन व्हायचं तेव्हा आपल्या बाया दुसरा घरोबा करून मोकळ्या होत होत्या. यात खरं पुष्कळ आहे. हिंदू कोड बिलावर १९४९ मध्ये बोलताना खुद्द बाबासाहेबांनी हा मुद्दा वापरला. घटस्फोट म्हटल्यावर धर्म बुडाला म्हणून ओरडणाऱ्यांना त्यांनी सुनावलं, की या देशातल्या हिंदूंत शूद्रच नव्वद टक्के आहेत आणि त्यांच्यात घटस्फोटाचा रिवाज आहेच. मूठभर वरच्यांचा नियम सगळ्यांचा धर्म कसा होईल? सभागृहाला तो मुद्दा पेलला नाही. बिल रखडवलं गेलं आणि २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. सत्तेवर लाथ मारायची तर कशासाठी मारायची, याचा तो दाखला आहे. बाईच्या वारसाहक्कासाठी आणि काडीमोडीच्या हक्कासाठी देशाच्या कायदेमंत्र्यानं राजीनामा दिला. राजीनाम्याला दुसरीही कारणं होती, पण हे मोठं होतं. आपण दरवर्षी जयंतीला बाबासाहेबांवर पन्नास भाषणं करतो. त्यात या कारणावर किती होतात?

पण ‘आपल्यात होतंच की’ म्हणून छाती फुगवायचीही गरज नाही. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ ज्यांनी वाचलं नाही त्यांनी वाचावं. १९८६ साली पुस्तक निघालं. महारवाड्यातल्या सुनांचं त्यात जे आहे ते वाचताना मान खाली जाते. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालायचे, तसाच ओढत तिनं काम करायचं. बाईचं नाक कापायचे. हे कुणी पाटलानं केलेलं नाही, आपल्याच घरात झालेलं आहे. बाईंनी ते लिखाण कितीतरी वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. आणि पाट म्हणजे तरी काय? लग्न दिवसाउजेडी, वाजतगाजत. पाट रात्री, अंधारात, सवाष्णींच्या नजरेआड. पाटाची बायको लग्नाच्या बायकोच्या बरोबरीची कधीच धरली गेली नाही. काडीमोडीला पंच बसायचे, दंड घ्यायचे, पुष्कळ जातींत नव्या नवऱ्यानं जुन्याचा लग्नखर्च भरून द्यायचा. म्हणजे बाई मोकळी होत नव्हती, तिचा हिशोब चुकता होत होता. दार होतं, पण ते वाकून, तोंड झाकून बाहेर पडायचं दार होतं.

आणि तेवढंसुद्धा दार आता आपण लिंपत आणलं आहे. १९५६ नंतर आपण देव सोडले, रूढी सोडल्या, मेलेलं मांस त्याच्या आधीच सोडलं होतं. शिकलो, रेल्वेत लागलो, शाळामास्तर झालो, खोपोलीच्या गिरण्या-कारखान्यांत आठ तासांची पाळी केली. घराला सिमेंटचा गिलावा आला आणि गिलाव्याबरोबर एक नवी गोष्ट घरात आली: इज्जत. ही कुठून आली तेही समजून घेतलं पाहिजे, नुसती शिवी देऊन चालणार नाही. ज्या समाजाच्या बाईवर गावातल्या कुणीही हात टाकावा आणि त्याची तक्रारही होऊ नये, त्या समाजाला आपली बाई झाकावीशी वाटली तर ते माणसाचंच वागणं आहे. पण झाकता झाकता आपण ज्यांच्या भीतीनं झाकत होतो त्यांचीच फूटपट्टी उचलली. चांगली बाई म्हणजे एकदाच लग्न झालेली, सोसणारी, घरातली गोष्ट घरात ठेवणारी. मनुस्मृती महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जाळली. आपल्याच या जुन्या कुलाबा जिल्ह्यात जाळली. तिची राख चोरून आणून आपण माजघरात पुरलेली दिसते.

आता एक बाई डोळ्यापुढं आणा. खरी कुणी नाही, पण ओळखू येईल अशी. पळसदरी आणि खोपोलीच्या मधल्या एखाद्या बौद्धवाडीत दिलेली. दोन पोरं. नवरा दारुडा नाही. दारुडा असता तर आपलं काम सोपं होतं, त्याला शिव्या घालून आपण घरी गेलो असतो. हा मंडळाचा सेक्रेटरी आहे. सहा डिसेंबरला दादरला जाणाऱ्या गाडीचा हिशोब तोच ठेवतो. ‘स्त्रीमुक्ती आणि बाबासाहेब’ यावर वीस मिनिटं न अडखळता बोलतो. आणि त्यानं दुसरी केली. शिकलेली, हिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. हिला म्हणाला, तू हितंच राहा, पोरं बघ, मी पैसे देत जाईन. तिनं नाही म्हटलं. तिच्या नाही म्हणण्याचा वाडीला राग आला. त्याच्या दुसरी करण्याचा तेवढा आला नाही.

मग समाजमंदिरात बैठक. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. सतरंजीवर सात पुरुष, तिचा भाऊ त्यात धरून. ती दाराशी उभी. स्टॅम्पपेपर आणलेला. त्यावर लिहिलं, राजीखुशीनं फारकत घेत आहे, भांडीकुंडी भरून पावली, पोटगी मागणार नाही. सही की अंगठा? तिला सही येते, एवढीच काय ती आपली प्रगती.

या कागदाची कायद्यात किंमत काय? बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. त्याच्या कलम २९ नं जातीच्या रिवाजानं होणारी काडीमोड शाबूत ठेवली, पण तसा रिवाज आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. गंमत बघा. आपण म्हणतो आम्ही बौद्ध झालो, जात गाडली, जातपंचायत गाडली. आणि बाई सोडायची वेळ आली की तीच गाडलेली जात उकरून तिचा रिवाज स्टॅम्पपेपरवर लिहितो. उद्या या बाईनं त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते कोर्टात टिकेलच असं नाही, उलट पहिल्यानं मनात आणलं तर तिच्यावरच केस. पोटगीचं म्हणाल तर कागदावर ‘मागणार नाही’ लिहून घेतलं म्हणून तो हक्क मरत नाही. १९७३ च्या फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम १४४ आहे. घटस्फोट झालेली बाई दुसरं लग्न करेपर्यंत त्याखाली अर्ज करू शकते, आणि ती राहते तिथल्या कोर्टात करू शकते, म्हणजे कर्जतला किंवा खालापूरला. पूर्वी महिन्याला पाचशेच्या वर मिळायची नाही, ती मर्यादा केंद्राच्या कायद्यातून २००१ मध्ये गेली. पोरांनो, हे पाठ करून ठेवा. प्रस्तावना पाठ केलीत, बावीस प्रतिज्ञा पाठ केल्यात, तसं हेही. वाडीतल्या बैठकीत स्टॅम्पपेपर निघाला की कुणीतरी उठून हे बोललं पाहिजे, आणि त्या कुणीतरीनं नवऱ्याच्या पॅनलमधून निवडणूक लढवायची नसली पाहिजे.

बैठक उठल्यावर दुसरं काय होतं? वाडीतल्या दोन भल्या माणसांना तिची दया येते. ते स्थळ शोधतात. पंचेचाळिशीचा बिजवर, तीन पोरं, आई आजारी. म्हणतात, बघ तुझं पुन्हा उभं राहील. काय उभं राहील? तिच्या हातून दुसऱ्याचं घर उभं राहील. तिच्या स्वतःच्या पोरांचं काय, तर ‘ती बापाकडं द्यावीत’. मी दुसऱ्या लग्नाच्या विरुद्ध नाही. तिला करावंसं वाटलं, माणूस आवडला, तर दिवसाउजेडी करावं, वाडीनं वाजतगाजत जावं. पण बाईनं आवडला म्हणून लग्न केलं की आपल्या भल्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे होतात. गरज म्हणून चालतं, दया म्हणून चालतं, आवड म्हणून नाही चालत. आणि तिला नकोच असलं तर? एकटीनं पोरं वाढवायची, संध्याकाळी जरा दारात खुर्ची टाकून बसायचं, एवढंच तिला हवं असलं तर? याला आपल्याकडं नावच नाही. १९४२ च्या २० जुलैला नागपुरात बाबासाहेब बायकांच्या परिषदेत बोलले, की बायकोनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, बरोबरीची व्हावं, गुलाम होऊ नये. मैत्री तुटू शकते हे त्यातच आलं. जी तुटूच शकत नाही तिला मैत्री म्हणत नाहीत, वेठ म्हणतात.

इथं एक जण हटकून विचारतो. मागं एका शिबिरात विचारलंही होतं. सिद्धार्थानंही यशोधरेला सोडलंच की! पोरगं लहान, बायको झोपलेली, मध्यरात्री उठून गेला. मग? प्रश्न विचारणाऱ्याला वाटलं आता सगळे गप्प होणार. पण बाबासाहेबांनी हा प्रश्न आपल्या आधीच स्वतःला विचारलेला होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली त्यांच्या मागं प्रसिद्ध झाला. त्यात ही मध्यरात्रीची पळापळ नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण आहे, सिद्धार्थ युद्धाला नाही म्हणतो आणि त्यासाठी देशत्याग पत्करतो. जाण्याआधी तो यशोधरेकडं जातो, तिला सांगतो, तिचं ऐकतो. ती त्याला अडवत नाही. ती रडून कोसळत नाही, स्वतःच्या बुद्धीनं त्याच्या निर्णयाला होकार देते. अडीच हजार वर्षं सांगितलेली गोष्ट बाबासाहेबांनी का बदलली? त्याची कारणं विद्वानांनी शोधावीत. मला त्यातून एक गोष्ट दिसते. जाणं आणि टाकणं वेगळं आहे. जाणारा समोर बसतो, सांगतो, विचारतो, आणि समोरच्या माणसाला नाही म्हणायची जागा ठेवतो. टाकणारा स्टॅम्पपेपर आणतो. बाईलाही हे लागू आहे. बाई नवऱ्याला सोडून जाऊ शकते, तिनंही सांगून जावं. मात्र ज्या घरात सांगितलं तर जीव जाईल त्या घरातून न सांगता पळणारीला मी दोष देणार नाही. तिथं सांगायची जागा तिनं नाही, दुसऱ्यानं मोडलेली असते.

सध्या आपल्या व्यासपीठांवर कल्पना सरोज यांचं नाव बरंच घेतलं जातं. घ्यावंच. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याची बौद्ध मुलगी, पोलीस हवालदाराची. बाराव्या वर्षी लग्न लावून मुंबईच्या झोपडपट्टीत. मारहाण, उपासमार. सहा महिन्यांनी बाप भेटायला गेला, पोरीची अवस्था पाहून तिला तिथून उचलून घरी घेऊन आला. गावात टोमणे, नात्यात टोमणे. पोरीनं विष घेतलं. वाचली. परत मुंबईला आली, होजियरीच्या कारखान्यात लागली, शिलाई केली. सरकारी योजनेतून कर्ज काढून फर्निचरचा धंदा टाकला, तोही आपल्या याच लाइनीवर, कल्याणला. २००६ साली बुडालेल्या कमानी ट्यूब्ज कंपनीची सूत्रं घेतली. २०१३ मध्ये पद्मश्री. वक्ते ही गोष्ट सांगतात तेव्हा झोपडपट्टीतून थेट पद्मश्रीला उडी मारतात. टाळ्या तिथंच पडतात ना! मधलं गाळतात. बाप आला आणि समाज काय म्हणेल हे न बघता पोरीला घेऊन गेला, हे गाळतात. कर्ज मिळालं म्हणून धंदा झाला, हे गाळतात. आणि बापानं परत आणलेल्या पोरीला विषापर्यंत नेलं ते गावातल्या, नात्यातल्या लोकांच्या तोंडानं, हे तर अजिबातच नको. ते बोललं तर समोर बसलेल्यांना आपापली तोंडं आठवतील.

शिवाय त्या गोष्टीचा आपण उपयोग कसा करतो बघा. भावाच्या पडवीत झोपणाऱ्या बाईला म्हणतो, ती बघ, ती करू शकली, तू का नाही? म्हणजे आधी बाईनं सोसून दाखवायचं होतं, आता उद्योगपती होऊन दाखवायचं. आधी पवित्र असली तर माणूस, आता यशस्वी झाली तर माणूस. मधल्या बाईचं काय? जी साधी आहे, थोडी तापट आहे, जिला कधी कधी रडू येतं, जी कारखान्यात ठेकेदाराकडं पॅकिंग करते आणि आयुष्यभर तेच करणार आहे? तिला छप्पर मिळायला काही सिद्ध करावं लागू नये. नवऱ्याला कुठं काय सिद्ध करावं लागलं होतं?

छप्पर. शेवटी गाडी इथंच येऊन थांबते. दुःखाचं काय, दुःख माणसं गिळतात, आपल्या बाया तर फारच. दुःखामुळं बाई पडत नाही, तिला रात्री अंग टाकायला हक्काची जागा नसते म्हणून ती पडते. सासरचं घर सासऱ्याच्या नावावर. माहेरचं घर बापाच्या, मग भावाच्या. २००५ नंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा आहे, पण भाऊ तिला हक्कसोड पत्रावर सही करायला सांगतो आणि ती करते, कारण नाही केली तर निदान भाऊबीजेला जायचं उरलेलं एक घरही बंद होईल. कर्जतला खोली भाड्यानं घ्यायला गेली तर घरमालक दोन प्रश्न विचारतो. एक आडनावाचा, तो आपल्याला पाठ आहे. दुसरा, सोबत कोण? पहिल्या प्रश्नावर आपण मोर्चे काढलेत. दुसऱ्यावर आपणही घरमालकाच्याच बाजूचे असतो.

कायद्यात जागा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं सांगितलं, की बाई ज्या घरात संसार करत होती त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, मालकी कुणाचीही असो. नीट वाचा, ‘राहायचा’. नांदायचा नाही. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना हा फरक कळला होता. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांचीही नावं घर म्हणून लावायची, असं राज्य सरकारनं २००३ सालीच ठरवलं. किती वाड्यांत लागली ती? ग्रामसेवकाकडं जाऊन वाडीचा उतारा काढा, एका सकाळचं काम आहे. हे प्रश्न कुणी आकाशातून आणलेले नाहीत. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्ता बायकांची परिषद भरवली तेव्हापासून त्या बायका पोटगी, घर, रेशनकार्ड यांवर बोलत आहेत. त्या काळात आपण नामांतरात होतो. ते योग्यच होतं, पण हेही होतं.

सरकारच्या दयेचं एक उदाहरण देतो. १९८० सालापासून संजय गांधी निराधार योजना आहे, त्यात घटस्फोटित आणि परित्यक्ता बायका बसतात. २०२३ मध्ये रक्कम महिना दीड हजार झाली. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट अनेक वर्षं वर्षाला एकवीस हजार ठेवली गेली. भागाकार करा, दिवसाला सत्तावन्न रुपये. त्याच्या वर कमावलं की ती निराधार नाही. म्हणजे सरकार तिला पडलेली असेपर्यंतच धरणार. उठली की हात सोडणार. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे प्रकार आहेत. बाईचे प्रकार, बहुतेक पुरुषाच्या असण्या-नसण्यावरून केलेले. पैसे मिळतात ते घ्यावेत, आपल्या घामाचेच आहेत. पण यादी वाचताना जरा थांबावं.

महाडच्या परिषदेच्या शेवटी, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या बायकांना सांगितलं, की तुमच्या लुगड्याच्या नेसण्यावरून तुमची जात ओळखू येते, ती तऱ्हा बदला. त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायांनी ती रातोरात बदलली. कुणी समिती नेमली नाही, कुणी ‘समाज काय म्हणेल’ म्हटलं नाही. चळवळीनं बायकांना काही बदलायला सांगितलं तर त्या एका रात्रीत बदलतात हे आपण जवळजवळ शंभर वर्षं जाणतो. आता त्या सांगताहेत. आपल्याला किती रात्री लागतात?

मला कुणी विचारलं, वाडीत सुरुवात कुठून करायची, तर मी वर्गणीपासून म्हणेन. एप्रिल आला की आपण जयंतीची वर्गणी गोळा करतो, घरटी. वही काढून बघा. माहेरी आलेल्या बाईचं नाव त्यात नसतं, कारण ती ‘घर’ नाही, भावाच्या घरात धरलेली. भाड्याच्या खोलीत पोरांना घेऊन वेगळी राहत असली तरी तिच्या दारावरून आपण पुढं जातो. मनात चांगलंच असतं, बिचारीकडून कशाला घ्यायचे. तिथंच चुकतं. जिच्याकडून वर्गणी नाही तिला बैठकीचं बोलावणं नाही. बैठकीला नाही ती मंडळात नाही. मंडळात नाही तिच्या भांडणाच्या दिवशी सतरंजीवर तिच्या बाजूचं कुणी नाही. मदत तर आपण सगळेच देतो, पाच किलो तांदूळ, जुने कपडे, सल्ला. तिच्याकडं वर्गणी मागायला जा. बाकीच्या घरांना जेवढी आहे तेवढीच मागा, परवडत नसेल तर ती सांगेल, हप्त्यानं देईल. घासाघीस करू द्या, हिशोब विचारू द्या, मागच्या वर्षी डीजेला एवढे का घातले म्हणून भांडू द्या. मग वहीत नवा आकडा टाका आणि पावती तिच्या नावानं फाडा.

पावतीवर आडनाव कोणतं लिहायचं, बापाचं, नवऱ्याचं की कोणतंच नाही, ते मात्र तिलाच विचारा. लिहायच्या आधी विचारा.